एका घरातली दोन पातेली

गणेश चतुर्थी जवळ आली की आपल्या घरांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो, आणि तो मराठीत नसतो. "तो पे फेर कारेम?" काकू पुतण्याला विचारते, शेजारीण शेजारणीला विचारते, कचेरीत जेवणाच्या सुट्टीत एक मराठी माणूस दुसऱ्याला विचारतो. शब्द फ्रेंचांचा. ख्रिस्ती लोक ईस्टरच्या आधी चाळीस दिवस जो संयम पाळतात त्याचे हे नाव. आपल्या माणसांनी तो या बेटावर ऐकला आणि गणपतीच्या व्रताला लावून टाकला. मराठीत उपवास वेगळा, एकभुक्त वेगळे, श्रावण पाळणे वेगळे, सोवळे वेगळे. इथे या सगळ्यांचे मिळून एक कारेम झाले: मांस नाही, मासळी नाही, अंडे नाही, आणि ज्याचा निश्चय पक्का त्याला रोमही नाही.

उत्तरे मात्र एका घरातून एकसारखी कधी येत नाहीत. कोणी पूर्ण श्रावण धरलेला असतो, कोणी दहा दिवस, कोणी फक्त चतुर्थीचा दिवस, आणि कोणी हसून विषय बदलतो. या अंकासाठी काही लिहा असे मंडळाने सांगितले तेव्हा आम्ही चुलत भावंडांनी मिळून ठरवले की या उत्तरांचाच इतिहास लिहावा. कारण गेली काही वर्षे एक वाक्य आम्ही वारंवार ऐकतो: "आपले पूर्वज सगळे पाळत होते, आपण सोडले." हे वाक्य बोलणाऱ्यांच्या मनात प्रेमच असते. पण त्याच्यामुळे आमच्या घरातला एक माणूस दोन वर्षे गणपतीला आलेला नाही. त्याच्याविषयी पुढे लिहू.

आधी एक खुलासा. अंक शताब्दीचा आहे, पण शताब्दी हा शब्द आपण जरा सैल वापरतो. या बेटावर गिरमिटी मजूर आणण्यास १८३४ साली सुरुवात झाली, आणि मुंबई बंदरातून आपली माणसे त्यानंतर लवकरच येऊ लागली. आज वाचणाऱ्यांपैकी कित्येकांची ही सहावी पिढी असेल. तेव्हा नेमकी कोणत्या जहाजाची शताब्दी, हे ज्याने त्याने आपल्या घरचा कागद पाहून ठरवावे.

तो कागद आम्हीही पाहिला आहे. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आप्रवासी मजुरांच्या जुन्या नोंदवह्या जपलेल्या आहेत. आपल्यापैकी अनेकांनी तिथे जाऊन पणज्याच्या बापाचे नाव शोधले असेल. मजुराचा क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, गाव, जहाज. आमच्या माणसापुढे रत्नागिरी जिल्हा लिहिला आहे. कारकुनाने ऐकून लिहिलेले एकेरी नावच पुढे आपल्याकडे आडनाव होऊन बसले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. एवढे सगळे रकाने आहेत, पण हा माणूस काय पाळतो असे विचारणारा रकाना एकही नाही. जातीच्या रकान्यावरून आपण ते ताडू पाहतो, आणि तिथेच चुकतो.

कारण ज्या मुलखातून ते आले तिथेही घरोघर एकच रीत नव्हती. रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा, कोल्हापूर या भागांत एकाच भावकीत एक भाऊ माळकरी असे. गळ्यात तुळशीची माळ, पंढरीची वारी, मांसमच्छी वर्ज्य. दुसरा भाऊ गावदेवीच्या जत्रेत बकऱ्याचा मान घेणारा. कोकणात आजही कित्येक घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्य दाखवतात, आणि तिच्या शेजारी बसलेल्या गणपतीला मोदकच लागतात. म्हणजे आपली माणसे जहाजात चढली ती आधीच निरनिराळी होती. पाळणारा आणि न पाळणारा दोघेही एकाच जहाजातून उतरले आणि पोर्ट लुईच्या त्याच धक्क्याच्या पायऱ्या चढून वर गेले. आज त्या जागेला आपण आप्रवासी घाट म्हणतो.

मळ्यावर काय झाले, ते समजून घ्यायला आधी पंचांग बाजूला ठेवून हवामान पाहिले पाहिजे. या गोष्टीकडे आपल्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही, म्हणून ती जरा सविस्तर लिहितो. कोकणात श्रावण म्हणजे भर पावसाळा. समुद्र खवळलेला, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय कोळी आत जात नाही. लावणी उरकलेली, हाताला काम थोडे. अशा महिन्यात मासे न खाणे फारसे जड नव्हते, कारण मासे नव्हतेच. उपवासाला वेळही होता. आता तोच श्रावण मॉरिशसमध्ये आणून ठेवा. इथे ऑगस्ट म्हणजे थंडीचा, कोरडा महिना, आणि ऊसतोडणीचा ऐन हंगाम. जूनपासून वर्षअखेरपर्यंत कूप चालते. तांबडे फुटण्याआधी उठायचे, कोयता घ्यायचा, दिवसभर ऊस तोडायचा आणि वाहायचा. एक दिवस कामाला गेले नाही तर दोन दिवसांची मजुरी कापली जायची. त्या जाचक नियमाला 'डबल कट' म्हणत. करार पाच वर्षांचा, मजुरी महिन्याला पाच रुपये, आणि शिधा म्हणून तांदूळ, डाळ, मीठ, थोडे तूप. अशा वेळी सोमवार धरून उपाशी पोटी उसात उतरणारा माणूस संध्याकाळपर्यंत उभा राहील का? पूर्वजांनी व्रते सोडली असे म्हणण्यापेक्षा, तीच व्रते इथे वर्षातल्या सर्वांत जड महिन्यांत येऊन पडली असे म्हणणे आम्हांला जास्त खरे वाटते.

तरीही काहींनी ती धरली. आणि घरोघरच्या आठवणी विचारल्या तर ती धरणाऱ्या बहुतेक बायका निघतात. जहाजांवर बायका पुरुषांहून कमी असत. ज्या आल्या त्यांनीही शेतात निंदणीची, खताची कामे केली, म्हणजे त्यांना काही आराम होता असे नाही. पण चूल त्यांच्या हातात होती. स्वतः काय खायचे नाही हे त्या कोणाला न विचारता ठरवू शकत होत्या. आमच्या आजीचे सोमवार असेच होते. सकाळी काळा चहा, दुपारी उकडलेले रताळे किंवा मान्योक, संध्याकाळी दिवा लावल्यावर भात. आजोबांना मात्र त्याच संध्याकाळी खाऱ्या माशाचे रुगाय लागे, आणि ते तीच करून देई. रोस कारीवर मसाला एकच वाटायची. आधी आपला उचलायची, मग त्यांचा वाटून दगड दोनदा धुवायची.

आजोबांनी आयुष्यात कारेम कधी धरले नाही. शनिवारी पगार झाला की चिनी दुकानात जाऊन रोमचा घोट घेत. पण घरात मराठी वाचता येणारे ते एकटे होते. गावातल्या संध्याकाळच्या शाळेत ते अक्षरे शिकले होते. आमच्याकडे शिवलीलामृताची एक पोथी होती, पाने तेलकट, कडा कुरतडलेल्या. श्रावणात दर सोमवारी आजी उपाशी बसून ऐके आणि आजोबा जेवून वाचत. अकरावा अध्याय त्यांचा जवळजवळ पाठ होता. आजीला एक अक्षर येत नव्हते. त्यांच्यातला पाळणारा कोण, हे आम्हांला अजून नीट सांगता येत नाही.

आजीचे कारेम तरी शुद्ध मराठी होते का? मळ्यावरच्या कॅम्पात भोजपुरी, तमिळ, तेलुगू घरे भिंतीला भिंत लावून होती. झाडाखालच्या काली मायला ती शेजारणींबरोबर जाई. महाशिवरात्रीला ग्रां बासँला चालत जाणाऱ्यांना पाणी देई. आणि सप्टेंबरच्या ८ तारखेच्या रात्री सेंत क्रुआला पेर लावालच्या समाधीवर मेणबत्ती लावायला जाई. हे धर्मगुरू १८६४ साली ९ सप्टेंबरला वारले, आणि त्यांच्या समाधीवर आजही सर्व धर्मांची माणसे रांग लावतात. चतुर्थी कधी कधी त्याच आठवड्यात येते. तेव्हा आजी एकाच कारेमात दोन्ही उरकून घेई. "तोंड स्वच्छ आहेच, जाऊन येते," एवढेच म्हणे. आमच्या एका आत्याने पुढे ख्रिस्ती घरात लग्न केले. त्या लग्नाला आजोबांनी बरीच वर्षे मान्यता दिली नाही, पण आजीने तिच्या सासूला लावालच्या रांगेत आधीच पाहिलेले होते.

आता गोंधळाची गोष्ट. ती आमच्या घरात मोठ्याने कधी सांगितली गेली नाही. आम्ही ती तुकड्या तुकड्यांनी गोळा केली आहे.

आजोबांना एक धाकटा भाऊ होता. आम्ही त्यांना धाकटे आजोबा म्हणत असू. दोघे एकाच मळ्यावर कामाला, एकाच अंगणात राहायला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांपासून या बेटावर आर्य समाजाची व्याख्याने होऊ लागली होती, गावोगाव भजनी मंडळ्या निघत होत्या, आणि पशुबळी, दारू, हुंडा यांविरुद्ध बोलले जात होते. हे वारे मराठी घरांतही आले. धाकट्या आजोबांनी एका वर्षी मांस, मासे, रोम सगळे सोडले, आणि ते दहा दिवसांपुरते नव्हते, कायमचे सोडले. पुढे मोठ्या काकांचे लग्न झाले. लग्नानंतर गोंधळ घालायचा होता. चौक मांडायचा, भवानीला बोलवायचे, पहाटे बकऱ्याचा मान. धाकटे आजोबा म्हणाले, गोंधळ घाला, मी रात्रभर उभा राहून गातो, पण बकरे कापायचे नाही. आजोबा म्हणाले, आमच्या बापाने कॅम्पात राहून, उसने घेऊन देवीचा मान दिला, तो मी माझ्या मुलाच्या लग्नात मोडू?

दोघेही खरे बोलत होते, असे आम्हांला आज वाटते. धाकटे आजोबा वारकऱ्याची जुनीच वाट नव्या व्याख्यानातून उचलत होते, आजोबा गावदेवीची. दोन्ही वाटा एकाच जिल्ह्यातून आलेल्या.

चौकावर पाच ऊस उभे केले होते. ज्या उसासाठी आपली माणसे इथे आणली गेली तोच ऊस, गोंधळात मात्र देवीचा मांडव होतो. धाकटे आजोबा म्हटल्याप्रमाणे रात्रभर गायले. दिवटी त्यांनीच धरली. पहाटे बकरे मागच्या अंगणात नेले तेव्हा ते निघून गेले, आणि त्यानंतर आमच्या चुलीवरचे अन्न त्यांनी घेतले नाही. अंगण एकच, विहीर एकच, मंडळात दोघे शेजारी बसत. पण आजीने पाठवलेले ताट परत येई.

१९६० च्या फेब्रुवारीत कॅरोल चक्रीवादळ आले. त्या पिढीच्या माणसांना वर्ष सांगावे लागत नाही, कॅरोल म्हटले की पुरे. पत्र्याची आणि गवताची हजारो घरे गेली, आमची दोन्ही गेली. सगळे कुटुंब काही आठवडे एका शाळेच्या वर्गात राहिले. वादळाने दोन भावांचे भांडण मिटवले असे लिहायला आम्हांला आवडले असते, पण तसे झाले नाही. मदतीत माशांचे डबे आले, इतरांनी ते खाल्ले, आणि धाकट्या आजोबांनी मिठाशी मान्योक खाल्ला. झाले ते एवढेच की आता चूल खरोखरच एक राहिली, आणि दुसरी मांडायला जागा नव्हती.

तेव्हा आजीने चिनी दुकानातून उधारीच्या वहीवर अल्युमिनियमची दोन पातेली आणली. अगदी एकसारखी, कारण दुकानात तीच होती. एकाच्या कानाला तिने कानशीने खाच पाडली. एक पातेले मांसमच्छीचे, एक कारेमचे. पळी वेगळी, झाकण वेगळे. घर पुन्हा उभे राहिल्यावरही तिने ही रीत मोडली नाही. धाकटे आजोबा हळूहळू कारेमच्या पातेल्यातले जेवू लागले. दोन्ही भाऊ एका पंक्तीला बसले. गोंधळाविषयी ते एकमेकांशी पुन्हा कधी बोलले का, हे आम्हांला कळलेले नाही.

अशी दोन पातेली आपल्या किती घरांत असतील! इतिहासात मंडळे येतात, मंदिरे येतात. १८९६ साली हेन्रिएटाला पहिला गणेशोत्सव झाला असे आपण मानतो, कास्काव्हेलची मिरवणूक आपण अभिमानाने दाखवतो. या सगळ्यामागे कोणा बाईने दोनदा धुतलेला दगड आणि खाच पाडलेले पातेले होते, ते कुठे लिहिलेले सापडत नाही.

पुढच्या पिढीत प्रश्न वेगळे झाले. आमच्या थोरल्या वहिनी भोजपुरी घरातल्या. त्यांच्याकडे महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, आपल्याकडे अमावास्येनंतर. त्यामुळे त्यांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो आणि राखी पौर्णिमेला संपतो, तर आपला पुढे अमावास्येपर्यंत चालतो आणि त्याच्या चौथ्या दिवशी गणपती. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी वहिनींनी माहेरच्या रीतीने सुरुवात केली आणि सासरच्या रीतीने शेवट. दीड महिन्याहून जास्त कारेम झाले. आमचा भाऊ त्यांतले सव्वा दिवस पाळून दमला. दुसऱ्या वर्षी त्यांनी सासूबाईंना विचारले, नेमका कोणता धरू? आमच्या आईने उत्तर दिले, "जो झेपेल तो." वहिनी आजही दोन्ही धरतात.

आणि आता आमच्या पुतणीविषयी, आणि काकाविषयी. पुतणी चोवीस वर्षांची, शिकलेली, बँकेत काम करते. तिने मराठी शाळेत घेतले, नंतर चिकाटीने वाढवले. अथर्वशीर्ष तिला पाठ आहे. आमच्यापैकी कोणाला नाही. गणपतीच्या आधी ती पूर्ण श्रावण पाळते, घरातले फ्रिज रिकामे करवते, मूर्तीला हात लावण्याआधी प्रत्येकाला विचारते. आजीहूनही कडक. तिच्यामुळे आमच्या घरची पूजा पुन्हा मराठीत होऊ लागली, याचा आम्हांला अभिमान आहे आणि तो इथे लिहून ठेवतो.

काका म्हणजे आजोबांचा धाकटा मुलगा, आता सत्तरीला आलेला. कारेम त्याने बापाप्रमाणेच कधी धरले नाही. पण झाकरीची ढोलकी त्याच्याइतकी आमच्या पंचक्रोशीत कोणी वाजवत नाही. कोकणातली जाखडी इथे झाकरी झाली. तिची गाणी कुठे छापलेली नाहीत, ती काकाला येतात. कुठल्या गाण्याला फेर उलटा फिरायचा, कुठे बसायचे, कुठे उठायचे, सगळे त्याच्या हातात आहे. तीन वर्षांपूर्वी चतुर्थीच्या संध्याकाळी तो ढोलकी घेऊन मूर्तीपुढे बसला तेव्हा पुतणीने सगळ्यांदेखत विचारले, "काका आजोबा, तुम्ही कारेममध्ये आहात का?" तो नाही म्हणाला. तिने त्याला बाहेर ओटीवर बसून वाजवायला सांगितले. आवाज न चढवता सांगितले, आणि तिच्या मते देवाच्या मानासाठी सांगितले. त्याने ढोलकी भिंतीला टेकवली आणि घरी गेला. त्यानंतर दोन चतुर्थ्या आमच्याकडे झाकरी मोबाइलवरच्या ध्वनिफितीवर झाली.

त्या संध्याकाळी आम्ही मोठी माणसे गप्प बसलो. चूक कोणाची असेल तर आधी आमची. आम्हांला तेव्हा आजीची पातेली आठवायला हवी होती, आणि पोथी वाचणारे आजोबाही.

पुतणीशी आम्ही वाद घातला नाही. या लेखाच्या निमित्ताने मात्र तिला बरोबर घेऊन जुन्या माणसांकडे गेलो. शामारेलला, वाक्वाला, शमँ ग्रेनियेला. एका म्हाताऱ्या आजींनी तिला सांगितले की त्यांच्या घरी मूर्ती आणायचा मान नेहमी चुलत्याला असे, आणि तो चुलता चतुर्थीच्या आदल्या रात्रीपर्यंत पिऊन असे. सकाळी नदीवर अंघोळ करून येई. "त्याच्याशिवाय कोणाच्या खांद्यावर गणपती नीट बसतच नसे," आजी म्हणाल्या. पुतणीने ते वहीत लिहून घेतले, पण तिला ते पटले नाही. अंघोळीने एवढे होते का, असे तिने परतताना गाडीत दोनदा विचारले. तिचे म्हणणेही इथे नोंदवले पाहिजे: सगळेच जो झेपेल तो म्हणत गेले तर पन्नास वर्षांनी कोणाला काहीच झेपणार नाही. याला आमच्याकडे तयार उत्तर नाही. आजीच्या घरात उत्तर होते, पण त्यासाठी आजी रोज दोन स्वयंपाक करत होती, आणि आज तेवढे करणारी बाई घरात शोधणे योग्यही नव्हे.

हे लिहीत असताना चतुर्थीला तीन आठवडे आहेत. पुतणीने काल काकाला फोन केला, असे तिच्या आईकडून कळले. काय बोलणे झाले ते कळले नाही. आजीची दोन्ही पातेली आमच्या स्वयंपाकघरात आहेत, वापरातही आहेत. यंदा मोदकांचे सारण एकात करायचे म्हणून परवा ती माळ्यावरून खाली काढली. खाच अजून दिसते. खाच असलेले पातेले कारेमचे की मासळीचे, यावर आमच्या आईचे आणि आत्याचे एकमत झाले नाही, म्हणून दोन्ही चिंचेने घासून उन्हात पालथी घातली आहेत.